देवागार : निवृत्तीनंतरचा आमचा सावकाश प्रवास

रानवाटा

नमस्कार मंडळी,

मागे एका धाग्यावर ओघात लिहून गेले होते की आम्ही दोघं वर्षातले चार-पाच महिने घराबाहेर असतो. त्यातला काही काळ परदेशात आणि उरलेला गाडीमागे ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून इथेच, अमेरिकेत. त्यावर इतके व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले की वेगळा धागा काढावासा वाटला.

आम्ही ह्यूस्टनला राहतो. हे सत्तरीचे, मी सदुसष्टची. यांनी २०१७ मध्ये नोकरी सोडली, मी वर्षभराने. निवृत्तीनंतरची पहिली सहल सगळे करतात तशीच केली. युरोप, बारा दिवस, सात देश, बस भरून माणसं. सोबत चांगली होती, जेवण वेळेवर होतं, तक्रारीला जागा नव्हती. पण घरी आल्यावर हे फोटो लावायला बसले आणि एका फोटोपाशी अडले. दगडी पूल, खाली नदी, कठड्याला टेकून मी उभी, हातात आइस्क्रीम. हे गाव कुठलं, ते आम्हा दोघांनाही सांगता येईना. अर्धा तास आजूबाजूचे फोटो मागे-पुढे करून पाहिले. नाहीच लागला पत्ता. त्या रात्री ठरवलं की इथून पुढे परदेशात जिथे जाऊ तिथे किमान दहा दिवस राहायचं. तेवढे दिवस हाताशी नसतील तर जायचंच नाही.

तेव्हापासून हा नियम पाळतोय. २०२३ च्या वसंतात पोर्तोला पाच आठवडे राहिलो. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, जिना अरुंद आणि लाकडी. घरमालकीण ऐंशीच्या पुढची. तिला इंग्रजी येत नाही, आम्हाला पोर्तुगीज. पहिल्या दिवशी तिने एप्रनच्या खिशातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि 'शाव' असं काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही हे पाहून तिने कागदावर लिहून दाखवलं. ती अक्षरं जशी होती तशी वाचली आणि अंगावर काटा आला. चावी! तिकडे बोलताना त्या 'च'चा 'श' होऊन गेला, आणि साडेचारशे-पाचशे वर्षांपूर्वी बोटीतून आलेला जुना 'च' आपल्याकडे टिकला. मग बोल्याओच्या मंडईत तर रोजचाच खेळ झाला. बटाट्याला बटाटा, अननसाला अननस, कोबीला 'कोव'. तिथली भाजीवाली हिरव्या पानांची जुडी घट्ट धरून केसासारखी बारीक चिरून देते, सूपात घालायला. चौथ्या दिवशी मी न मागताच तिने माझ्यासाठी जुडी बाजूला काढून ठेवली होती. बारा दिवसांच्या सहलीत असा चौथा दिवस येतच नाही.

शीर्षकातला शब्दही तिथलाच. मी पिशव्या घेऊन जिना चढायला लागले की मालकीणबाई खालून हाक मारायच्या, 'देवागार, देवागार!' मला वाटायचं देवघराबद्दल काही विचारतायत. एक दिवस रस्त्याच्या कामापाशी पाटीवर तोच शब्द दिसला. पोर्तुगीजमध्ये 'देवागार' म्हणजे सावकाश. आता तो आमच्या घरातलाच शब्द झालाय. ट्रेलर मागे असताना काटा साठच्या वर सरकला की मी शेजारून तेवढंच म्हणते.

विचारा काय विचारायचं ते. ज्यांनी असे प्रवास केलेत त्यांनीही लिहा.

गोदाकाठ

ताई, सुंदर लिहिलंत. पगार, परात, घमेलं, फीत, पिंप हेही त्याच बोटीतून आलेले शब्द. बांधकामावरचं घमेलं पोर्तुगीज आहे हे आमच्या गवंड्याला सांगितलं तर त्याचा विश्वासच बसेना.

आमच्याकडे नाशकात नारोशंकराच्या देवळाची घंटा आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्यानंतर चर्चच्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांत आल्या, त्यातली ही एक. तिच्यावर १७२१ साल आहे. लहानपणी पुराचं पाणी कुठवर आलं हे आम्ही त्या देवळावरून मोजायचो. ती घंटा जिथून आली तिथल्या माणसांच्या दारात तुम्ही पाच आठवडे राहून आलात, हे वाचून फार बरं वाटलं.

न्यूजर्सीकर

वाचतोय. माझा प्रश्न रोकडा आहे. ट्रेलर खरंच स्वस्त पडतो का? माझ्या हिशोबाने ट्रेलरची किंमत, विमा, वाढलेलं पेट्रोल आणि कॅम्पग्राउंडचं भाडं धरलं तर तेवढ्यात साधं मोटेल परवडतं. आईबाबा भारतातून सहा महिने येणार आहेत, त्यांच्यासाठी विचार करतोय.

रानवाटा

@न्यूजर्सीकर, तुमचा हिशोब बरोबर आहे. पैसे वाचवायचे म्हणून ट्रेलर घेऊ नका. आमची गाडी एरवी गॅलनला वीस मैल देते, ट्रेलर मागे असला की बारा. आमचा ट्रेलर सतरा फुटी, फायबरग्लासचा. खालचा आणि वरचा असे दोनच साचे जोडून केलेला असतो, त्यामुळे छताला सांधे नसतात आणि पाणी गळायची भीती कमी. जुनाच घेतला, चौदा हजार डॉलरला. वीज-पाणी असलेली जागा स्टेट पार्कात रात्रीला पंचवीस-तीसच्या आसपास पडते.

एक गोष्ट मात्र प्रत्येक पात्र माणसाने घ्यावीच. बासष्ट वर्षं पूर्ण झाली आणि तुम्ही नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असलात तर राष्ट्रीय उद्यानांचा सीनियर पास मिळतो. ८० डॉलर एकदा भरले की जन्मभर. ऑगस्ट २०१७ पर्यंत तो फक्त १० डॉलरला होता. हे त्याच जुलैत बासष्टचे झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात जाऊन घेऊन आले. प्रवेश तर मिळतोच, शिवाय केंद्र सरकारच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडांवर भाडं निम्मं होतं. आईबाबा पाहुणे म्हणून येणार असतील तर त्यांना स्वतःचा पास मिळणार नाही, पण पासधारक गाडीत असेल तर खासगी गाडीतले सगळे त्याच पासवर आत जातात.

मग ट्रेलर कशासाठी? आपली गादी, आपला कुकर, आपला मिसळणाचा डबा आणि दाराबाहेर दर वेळी नवं अंगण. ह्यूस्टनहून पश्चिम टेक्सासातलं फोर्ट डेव्हिस सहाशे मैल आहे. मुलं लहान असताना हे अंतर आम्ही एका दिवसात तोडायचो. आता पाच दिवस लावतो. दिवसाला दोनशे मैलांच्या वर नाही, दुपारी तीनच्या आत मुक्काम, आणि मुक्कामाच्या जागा आधीच आरक्षित. वाटेत जंक्शन गावाजवळ साउथ लॅनो रिव्हर स्टेट पार्क लागतं. हिवाळ्यात तिथे संध्याकाळी रानटर्की नदीकाठच्या झाडांवर झोपायला येतात. एवढा जड पक्षी, आधी जमिनीवरून धावत येतो, मग धप्पदिशी फांदीवर. फांदी खालीवर हलत राहते. दोन रात्री आम्ही खुर्च्या टाकून नुसतं तेच पाहत बसलो होतो.

पुढे बाल्मोरे. भोवती सगळं वाळवंट आणि मधोमध जिवंत झऱ्याचा तलाव, पंचवीस फुटांपर्यंत खोल, १९३० च्या दशकात सरकारी योजनेतल्या बेरोजगार तरुणांनी बांधलेला. पाणी बाराही महिने बाहत्तर ते शहात्तर अंश फॅरनहाइट. तळाशी मासे दिसतात. हे पोहतात, मी काठावर पाय सोडून बसते. तिथून फोर्ट डेव्हिस जवळच. मॅकडोनाल्ड वेधशाळा तिथेच आहे, त्यामुळे रात्रीचा उजेड त्या भागात जपून वापरतात. चांदणं म्हणजे काय ते मी गाव सोडल्यानंतर तिथेच पाहिलं.

आईबाबांसाठी विकत घेऊ नका. एक आठवडा मोटरहोम भाड्याने घ्या, एकाच ठिकाणी लावा आणि राहा.

सह्यभ्रमर

रानवाटा, छान धागा. पुण्याहून लिहितोय, वय ७६. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा मोठ्या आशेने वाचलं होतं. पण आपल्याकडे रात्री लावायला सुरक्षित जागा, पाणी आणि मैला टाकायची सोय याचं जाळं असल्याशिवाय गाडी घेऊन उपयोग नाही, हे माझं मत अजून कायम आहे.

आम्ही आमचा सावकाश प्रवास एसटीने करतो. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे आणि २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. म्हणजे आम्हा दोघांचा खर्च मिळून अर्धं तिकीट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली ती अजून परत आलेली नाही, याचं मात्र मनापासून वाईट वाटतं. आमच्यासारख्यांच्या लांबच्या प्रवासाचा तो मोठा आधार होता.

दर जानेवारीत आम्ही वेंगुर्ल्याला एक महिना असतो. एका घराची मागली पडवी आणि खोली भाड्याने घेतो. सकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघायचा, दुपारी वाचन, संध्याकाळी दीपगृहाच्या बाजूला फेरी. पहिल्या वर्षी लोक विचारायचे, 'खंयसून इलास?' आता विचारतात, 'कधी इलास?' तुमच्या त्या भाजीच्या जुडीचा अर्थ मला पक्का कळला.

रानवाटा

सह्यभ्रमर काका, 'खंयसून'पासून 'कधी'पर्यंतचा तो प्रवास मी यांना मोठ्याने वाचून दाखवला. पुढच्या भारतवारीत वेंगुर्लं नक्की. पडवीचा पत्ता व्यनि कराल का?

फिरस्ता

आम्ही दोघं तीन वर्षं पूर्णवेळ रस्त्यावर आहोत, घर विकून. ताईंच्या बऱ्याच गोष्टींना +१, पण आधी सगळं आरक्षण करून ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे. केंद्र सरकारी कॅम्पग्राउंडांची आरक्षणं साधारण सहा महिने आधी उघडतात आणि लोक उघडताक्षणी झडप घालतात. सहा महिन्यांनी त्या तारखेला मला पुढे जावंसं वाटेल की नाही, हे आज कसं सांगू? आरक्षण म्हणजे पुन्हा तीच बस.

ज्यांना बिनआरक्षणाचं फिरायचंय त्यांनी नॅचेझ ट्रेस पार्कवे करावा. मिसिसिपीतल्या नॅचेझपासून टेनेसीतल्या नॅशव्हिलजवळपर्यंत ४४४ मैल. ट्रकना बंदी, जाहिरातीचे फलक नाहीत, वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ५०. वाटेत रॉकी स्प्रिंग्ज, जेफ बझ्बी आणि मेरिवेदर लुईस अशी तीन कॅम्पग्राउंडं आहेत, तिन्ही फुकट, जो आधी येईल त्याची जागा. वीज-नळ जोडणी मात्र नाही, टाकी भरून न्यावी. हा रस्ता चॉक्टॉ आणि चिकसॉ लोकांच्या पायवाटेवरचा. १८०० च्या सुमारास ओहायो नदीकाठचे नावाडी सपाट तराफ्यांवर माल घालून प्रवाहाबरोबर नॅचेझला यायचे. प्रवाहाविरुद्ध तराफा परत नेता येत नसे, म्हणून मालाबरोबर तराफ्याचं लाकूडही विकायचे आणि याच वाटेने चालत घरी जायचे. जुन्या वाटेचे खोल गेलेले तुकडे अजून दिसतात, माणसाच्या डोक्याच्या वर दोन्हीकडे माती. त्यात उभं राहिलं की किती पावलांनी ती माती झिजवली असेल ते जाणवतं.

रानवाटा

फिरस्ता, नॅचेझ ट्रेस आम्हीही केला, अकरा दिवस लावून. आरक्षणाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. संध्याकाळी जागा मिळेल की नाही या काळजीत दिवस घालवायचं माझं वय नाही. मुक्कामाची रात्र ठरलेली असली की दिवस मोकळा मिळतो.

आमच्यावर आलेला एक प्रसंग सांगते, नवख्यांच्या उपयोगी पडेल. २०१८ च्या मे महिन्यात, आंतरराज्य महामार्ग १० वर, ओझोना सोडून फोर्ट स्टॉक्टनकडे जाताना ट्रेलरचा उजवा टायर फुटला. आधी आवाज झाला, मग आरशात काळे तुकडे उडताना दिसले. यांनी ब्रेक दाबला नाही, पाय फक्त वर उचलला आणि गाडी हळूहळू कडेला घेतली. टायरच्या पट्ट्याने चाकावरचं फायबरचं आवरण फोडून टाकलं होतं. दोन तास उन्हात होतो. एक मालट्रकवाला थांबला, स्वतःचा जॅक काढला, चाक बदलून दिलं आणि पाण्याच्या दोन बाटल्यांशिवाय काही घेतलं नाही.

त्या टायरची नक्षी नव्यासारखी होती. आम्ही तीच पाहून निर्धास्त होतो, विकणाऱ्यानेही 'टायर उत्तम' म्हणूनच सांगितलं होतं. पण ट्रेलर वर्षातले बरेच महिने उभा असतो. त्याचा टायर झिजून जात नाही, वयाने जातो. टायरच्या कडेवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे वर्ष. आमच्या टायरवर ३२११ होतं. म्हणजे २०११ सालचा बत्तिसावा आठवडा, जवळजवळ सात वर्षं. जुना ट्रेलर बघायला जाल तेव्हा आतले पडदे आणि ओटा नंतर बघा, आधी गुडघे टेकून हे आकडे वाचा.

चिंचपेटी

दोन प्रश्न. आम्ही शुद्ध शाकाहारी, महिना-महिना परदेशात कसं निभावणार? आणि आजारी पडलं तर? मुलं हाच प्रश्न पुढे करून आम्हाला थांबवतात.

रानवाटा

चिंचपेटी, जेवणाचं सोपं आहे. हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेलं घर घ्यायचं. भाजणी, मेतकूट, हिंग, गोडा मसाला बरोबर. तांदूळ, बटाटा, कांदा कुठेही मिळतो. जपान कठीण जातं, कारण साध्या दिसणाऱ्या रश्शातही माशाचा अर्क असतो. पण कोयासान डोंगरावर आम्ही देवळातल्या धर्मशाळेत राहिलो, तिथे भिक्षूंचं जेवण पूर्ण शाकाहारी. गोठवून वाळवलेलं टोफू, तिळाचं टोफू, डोंगरातल्या भाज्या. आणि तिथल्या ओकुनोइन स्मशानात, उंच सीडर वृक्षांखाली दोन किलोमीटर चालत जाताना, शेवाळलेल्या दगडी समाध्यांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली अक्षरं दिसतात. वरून खाली ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. हे एका समाधीपाशी बसून बोटाने ते 'अ' गिरवत होते. मी बराच वेळ लांबच उभी राहिले.

आजारपणाचं नीट वाचा. मूळ मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, अमेरिकेबाहेर जवळजवळ काहीच देत नाही. मेडिगॅपच्या, म्हणजे मेडिकेअरला जोड म्हणून घ्यायच्या खासगी विम्याच्या, काही योजना, जसं जी आणि एन, परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे ८० टक्के देतात. पण आधी २५० डॉलर आपले जातात, आजारपण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेलं असावं लागतं आणि जन्मभराची मर्यादा ५०,००० डॉलर. म्हणून वेगळा प्रवासविमा घ्यायचाच, घरी परत आणण्याच्या खर्चासकट. पोर्तोहून आम्ही लिस्बनला गेलो होतो, तिथे पाऊस पडून गेल्यावर मी उतारावर घसरले. तिथले फूटपाथ पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या चौकोनी तुकड्यांचे असतात. दिसायला रांगोळीसारखे, पण पायांनी घासून गुळगुळीत झालेले आणि ओले झाले की साबणासारखे. डावं मनगट मोडलं. ११२ ला फोन केला, प्लास्टर झालं, विम्याने पैसे दिले, आणि उरलेले दिवस आम्ही तिथेच राहिलो. ह्यूस्टनच्या घरातही मी घसरू शकले असतेच, असं मुलांना शांतपणे सांगा. रबरी तळाचे बूट न्या.

औषधं पूर्ण मुदतीची, हातातल्या बॅगेत, मूळ डब्यांत. आणि युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० च्या वर राहता येत नाही, तो हिशोब आधी मांडा.

अबोली

ताई, बरेच दिवस हा धागा वाचतेय, आज लिहिते. मी जॉर्जियात असते, वय ६३. आमचाही ट्रेलर आहे, एकोणीस फुटी. दोघांनी मिळून पसंत केला, पडदे मी शिवले. तीनच सहली झाल्या. दोन वर्षांपूर्वी हे गेले. तेव्हापासून ट्रेलर ड्राइव्हवेत उभा आहे. पिकअप मी चालवते, पण ट्रेलर कधीच नेला नाही. ते चालवायचे, मी नकाशा बघायची. मुलगा म्हणतो विकून टाक. दोनदा गिऱ्हाईक आलं. दोन्ही वेळा मी पडदे काढायला आत गेले आणि नाही म्हणून सांगून बाहेर आले. काय करावं कळत नाही.

रानवाटा

अबोली, काल वाचलं आणि लगेच उत्तर द्यायला शब्द सुचले नाहीत.

विकायचा की नाही हे मी सांगणार नाही. पण चालवता येत नाही म्हणून विकू नका. माझं मनगट मोडलं त्यानंतरच्या उन्हाळ्यात यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि सहा आठवडे गाडी बंद. तोवर मीही फक्त नकाशा बघणारीच होते. पासष्टाव्या वर्षी मी शिकले. सरळ नेणं अवघड नाही, वळण मोठं घ्यायचं आणि पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायचं. भीती वाटते ती मागे घेण्याची.

रविवारी सकाळी एखाद्या शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जा. स्टिअरिंगचा तळ धरा, सहा वाजता काटा असतो तिथे, एका हाताने. आता ट्रेलरची शेपूट ज्या बाजूला जायला हवी त्या बाजूला तो हात न्या. डावीकडे हवी तर हात डावीकडे. वरून धरलं तर सगळं उलटं होतं आणि डोकं गोंधळतं. खालून धरलं की हात आणि शेपूट एकाच दिशेला जातात. चाक अगदी थोडं फिरवा आणि वाट बघा. ट्रेलर लगेच ऐकत नाही, क्षणभराने वळतो. तेवढ्यात आपण घाबरून जास्त फिरवतो, तिथेच तो काटकोनात दुमडतो. दुमडायला लागला की थांबा, पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा. नेहमी आपल्या डाव्या अंगाला मागे घ्यायचं, म्हणजे खिडकीतून शेपूट दिसते. वाटेल तितक्या वेळा उतरून बघा. मी पहिल्या दिवशी एका जागेत घालायला चाळीस मिनिटं लावली आणि एकदाही कुणाला घाई करू दिली नाही.

दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलरची जोडणी, सोडण्याआधी चाकांना अडसर. आणि सामान भरताना जड वस्तू चाकांच्या आसाच्या पुढे, म्हणजे ट्रेलरच्या वजनाचे दहा ते पंधरा टक्के हिचच्या बॉलवर पडतील. मागे वजन गेलं तर महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा डोलतो.

पार्किंगमध्ये जाल त्या दिवशी मला फोन करा, नंबर व्यनि केलाय. स्पीकरवर ठेवा, मी बोलत राहीन.

फिरस्ता

अबोलीताई, डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक कंट्रोलरची हाताची दांडी हळूच दाबा, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो सरळ ताणला जातो. पहिल्या मुक्कामाला पुल-थ्रू, म्हणजे आरपार जाणारी जागा मागा. आणि टायरवरचे ते चार आकडे.

गोदाकाठ

अबोलीताई, धाग्यावर नजर ठेवून आहे.

अबोली

दीड महिन्याने लिहितेय.

टायर आठ वर्षांचे निघाले, चारही बदलले. पाच रविवार शाळेच्या मैदानावर गेले. पहिल्या दोन रविवारी रानवाटाताई फोनवर होत्या, पूर्ण वेळ. तिसऱ्या रविवारी त्यांनीच सांगितलं की आता फोन नको.

काल दुपारी फोर्ट यार्गो स्टेट पार्कला आले. घरापासून लांब नाही. आरपारची जागा शिल्लक नव्हती. शेजारचे गृहस्थ मदतीला उठून आले, त्यांना म्हटलं, 'फक्त मागे झाड लागतंय का ते बघा, सांगू नका काही.' सात वेळा उतरले. आठव्यांदा बसला जागेवर. अडसर लावले, मग हिच सोडलं. हे नेहमी अडसर लावून त्यावर एकदा पाय मारून बघायचे, तसा मारून पाहिला.

रात्री तांदूळ-मुगाची खिचडी केली आणि बाहेर टेबलावर बसून जेवले. तळ्यावरून वारा येत होता. पडदे उघडेच ठेवले.

मुलाला फोटो पाठवला. त्याने विचारलं, कुणी लावून दिला?

ताई, उद्या निघायचंय. डंप स्टेशनला, म्हणजे मैला सोडायच्या जागी, आधी ब्लॅक (संडासाची) टाकी सोडायची आणि मग ग्रे, म्हणजे भांड्यांच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो, बरोबर ना? ते काम तेच करायचे, मी कधी बघितलंच नव्हतं.

रानवाटा

बरोबर. हातमोजे घाला, पाइप दोन्ही टोकांना घट्ट बसलाय ते हात लावून बघा, मगच झडप ओढा. देवागार.